म्हाताऱ्या आवाजापासून सुरुवात : शर्ली कॉलिन्स कशी ऐकावी

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे तुमचा एक आठवडा वाचेल. शर्ली कॉलिन्स या इंग्लंडच्या लोकगीत-गायिकेचं नाव कळल्यावर मी शहाण्यासारखा पहिल्या अल्बमपासून निघालो. १९५९ चा आधी, मग साठचं दशक, मग सत्तरचं. परीक्षेचा अभ्यास करावा तसं, वर्षवारीनं. संध्याकाळी कांदा चिरताना फोन ओट्यावर मिठाच्या बरणीला टेकवून ठेवायचा आणि ऐकायचं. कुकरची तिसरी शिट्टी झाली तेव्हा लक्षात आलं की मघापासून चार गाणी होऊन गेलीत आणि आपल्याला त्यातलं एकही आठवत नाही. बारीक, गोड, सरळसोट आवाज. हरकती नाहीत, मुरक्या नाहीत, कुठे आवाज चढवणं नाही. मनात म्हटलं, ही बाई गातेय की शाळेत कविता म्हणून दाखवतेय? आणि बंद केलं.

दोनेक वर्षांनी एका रात्री हेडफोनवर त्याच बाईंचं २०१६ मधलं एक गाणं लागलं. गाताना त्यांचं वय एक्क्याऐंशी होतं. आवाज खूप खाली उतरलेला, कोरडा, एखाद्या शब्दावर किंचित खरखरणारा. गाणं संपलं तरी मी तसाच बसून होतो. मग मागे जाऊन तरुणपणची गाणी पुन्हा लावली आणि ज्याला मी सपाट म्हणत होतो ते काय आहे, ते तेव्हा कुठे उमगलं.

म्हणून हा लेख उलट्या दिशेनं चालतो. शेवटच्या अल्बमांपासून निघून मागे जायचं. इंग्लंडची लोकगीतं आयुष्यात कधी ऐकली नसतील तरी चालेल, किंबहुना बरंच.

शोधण्याआधी

दोन बारीकसारीक गोष्टी. नाव रोमन लिपीतच (Shirley Collins) टाका, देवनागरीत टाकून हाती काही लागत नाही. आणि जुडी कॉलिन्सशी घोटाळा करू नका. त्या अमेरिकेतल्या, वेगळ्या गायिका आहेत आणि जास्त प्रसिद्ध आहेत, त्यामुळे नुसतं ‘कॉलिन्स’ आणि ‘फोक’ टाकलंत की यूट्यूब हमखास तिकडे वळवतं. आपल्याला हव्यात त्या शर्ली कॉलिन्स. जन्म ५ जुलै १९३५, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ससेक्स परगण्यातलं हेस्टिंग्ज हे गाव.

हेडफोन घ्या. भारी नकोत, पण फोनचा स्पीकर मात्र नको. या गाण्यांतलं अर्धं काम श्वास, खोलीतला सन्नाटा आणि शब्द सुटतानाचा आवाज करतात आणि ओट्यावरच्या फोनमधून नेमकं तेच गळून जातं. काम करता करता ऐकण्याचं हे संगीत नाही, निदान पहिले पंधरा दिवस तरी नाही.

पहिली पायरी : एकच गाणं, तीनदा

गाण्याचं नाव ‘डेथ अँड द लेडी’. ‘लोडस्टार’ या २०१६ च्या अल्बममधलंच घ्या, कारण बाईंनी ते आधीही गायलंय आणि त्याच्याकडे आपण नंतर येणार आहोत.

लावण्याआधी गोष्ट वाचून घ्या. ही गाणी मुळात कथागीतं आहेत, आपल्याकडच्या पोवाड्यासारखी लांबण नसलेली, आटीव. कोण, कुठला, कधी, हे कोणी सांगत बसत नाही. पहिल्याच ओळीत आपण मध्येच येऊन पडतो. इथली गोष्ट अशी : वाटेनं जाताना एक म्हातारा भेटतो. डोक्याला टक्कल, दाढी पिकलेली, अंगावर जणू थंडगार मातीचेच कपडे. स्त्री विचारते, तू कोण? तो म्हणतो, मी मृत्यू. मग ती सौदा करू लागते. दागिने घे, उंची वस्त्रं घे, पण आणखी थोडी वर्षं दे. तो नाही म्हणतो. गाणं संपतं.

आता पहिल्यांदा ऐकताना शब्दांच्या मागे लागू नका. नुसतं एवढंच बघा की म्हातारा बोलतो तेव्हा आणि बाई बोलते तेव्हा गाणारीचा आवाज बदलतो का. बदलत नाही. म्हाताऱ्यासाठी घोगरा काढलेला नाही, बाईसाठी रडवेला केलेला नाही. आपल्या कानांना हे विचित्र वाटतं. भावगीतापासून नाट्यगीतापर्यंत आपण ‘भाव ओतणं’ हीच गाण्याची कसोटी मानत आलोय. इथे गाणारी स्वतः बाजूला उभी राहते आणि गोष्टीला पुढे जाऊ देते. गाताना आपल्यामागे आधीच्या पिढ्या उभ्या आहेत असं वाटतं, असं शर्लीबाई कैक वर्षं सांगत आल्या आहेत. त्यांचं गाणं कळायला मला त्या एका वाक्याचा जितका उपयोग झाला तितका कुठल्याही समीक्षेचा झाला नाही.

जात्यावर बसलेली बाई ओवी म्हणते तेव्हा ती ‘सादर’ करत नाही, तसंच काहीसं. तुम्ही आजीला दळताना ऐकलं असेल तर तुमचं अर्धं काम झालेलंच आहे.

दुसऱ्यांदा ऐकताना गिटारकडे कान द्या. इंग्लंडच्या जुन्या गाण्याला ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्याचा रंग आहे. तो कुठून आला ते पुढे येईल.

आता १९७० चा ‘लव्ह, डेथ अँड द लेडी’ हा अल्बम शोधून त्यातलं हेच गाणं लावा. त्यावेळी बाई पस्तिशीच्या आसपास. संगीताची मांडणी थोरली बहीण डॉली कॉलिन्स हिची. आवाज वरच्या पट्टीत, पारदर्शक, धुतल्यासारखा. ऐकता ऐकता तुमची सगळी माया त्या स्त्रीकडे जाते, कारण गाणारी तिच्याच वयाची आहे. बिचारी, तरुण आहे, अजून काय बघितलंय तिनं.

मग पुन्हा २०१६. ही तिसरी वेळ.

या वेळी मला जे ऐकू आलं ते असं की गाणारी आता त्या म्हाताऱ्याच्या वयाची झाली आहे. शब्द तेच, चाल तीच, आणि मृत्यूचा ‘नाही’ आता बाहेरून येत नाही, त्याच घशातून येतो. त्यात दुष्टावा नाही, दयाही नाही. तलाठ्यानं सातबाऱ्यावरची नोंद वाचून दाखवावी तसा तो बोलतो. तुम्हाला दुसरं काही ऐकू येईल, येऊ दे. पण ही तीन ऐकणी एकाच बैठकीत करा. साधारण वीस मिनिटांचं काम आहे आणि बाकी सगळा लेख सोडलात तरी एवढं करा.

दुसरी पायरी : मधल्या अडतीस वर्षांची माहिती करून घ्या

मी साधारणपणे गाणं आधी, चरित्र नंतर या मताचा. पण इथे मधली गोष्ट माहीत नसेल तर आवाजाचं वय कळतं, आवाजाची किंमत कळत नाही.

१९७८ मध्ये डॉलीबरोबरचा त्यांचा अल्बम आला, ‘फॉर अॅज मेनी अॅज विल’. त्याच सुमारास लंडनच्या नॅशनल थिएटरमधल्या एका नाटकात त्या गात होत्या. त्याच काळात त्यांचा दुसरा संसार मोडला. नवरा अॅशली हचिंग्ज, स्वतः इंग्लिश फोक-रॉकमधलं मोठं नाव. तो दुसऱ्या बाईकडे गेला आणि इकडे रोज रात्री रंगमंचावर उभं राहून गायचं होतं. काही रात्री आवाज लागायचा. काही रात्री तोंड उघडलं की काहीच बाहेर यायचं नाही. डॉक्टरी भाषेत त्याला डिस्फोनिया म्हणतात. आवाज निघेनासा झाला, मग भीतीनं आणखी निघेनासा झाला, आणि हळूहळू त्यांनी गाणंच सोडलं.

मुलं होती, पोट होतं. त्यांनी नोकऱ्या केल्या : सरकारी रोजगार केंद्रात, धर्मादाय दुकानात, ब्रिटिश म्युझियमच्या दुकानात. विचार करा, म्युझियमच्या गल्ल्यावर पोस्टकार्डांचे पैसे घेणारी बाई म्हणजे इंग्लंडच्या लोकसंगीताचा एकेकाळचा सगळ्यात ओळखीचा आवाज. १९९५ मध्ये डॉली गेली. २००७ मध्ये सरकारकडून एमबीई हा किताब मिळाला, पुढच्या वर्षी इंग्लिश लोकनृत्य आणि लोकगीत संस्थेच्या त्या अध्यक्ष झाल्या. व्याख्यानं द्यायच्या, लोकगीतांवर भरभरून बोलायच्या. गाणं तेवढं नाही.

डेव्हिड टिबेट हे ‘करंट ९३’ या संगीतसमूहाचे. ते कित्येक वर्षं मागे लागले होते, एकदा तरी गा म्हणून. शेवटी फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या युनियन चॅपलमध्ये त्यांच्याच कार्यक्रमात बाई उभ्या राहिल्या. दोनच गाणी. त्यातलं एक ‘डेथ अँड द लेडी’.

आता पहिल्या पायरीवर परत जाऊन ते गाणं चौथ्यांदा ऐकलंत तरी मी अडवणार नाही.

तिसरी पायरी : ‘लोडस्टार’, पूर्ण, क्रमानं

४ नोव्हेंबर २०१६ ला अल्बम आला. लोडस्टार म्हणजे वाट दाखवणारा तारा, आपल्या भाषेत ध्रुव. त्याचं ध्वनिमुद्रण ससेक्समधल्या लुईस या गावी, बाईंच्या स्वतःच्या छोट्या घरात झालं. कारण सरळ होतं. स्टुडिओत, काचेपलीकडे बसलेल्या अनोळखी लोकांसमोर गायची छाती होत नव्हती. ‘सायक्लोब’ या संगीतजोडीचे स्टीव्हन थ्रोअर आणि ऑसियन ब्राउन यंत्रं घेऊन घरी आले, संगीताची धुरा इयन किअरी यांनी सांभाळली. अल्बम ऐकताना घर ऐकू येतं, हे मी हौसेनं म्हणत नाही, त्याचा पुरावा खाली आहे.

पहिला ट्रॅक लांबलचक आहे, सुमारे अकरा मिनिटांचा, चार तुकडे एकात गुंफलेले. तो ‘अवेक अवेक’नं सुरू होतो. १५८० मध्ये इंग्लंडमध्ये भूकंप झाला, लंडनच्या सेंट पॉल चर्चचीही पडझड झाली, आणि लोक घाबरले की देव कोपला. तेव्हा टॉमस डेलोनी नावाच्या गीतकारानं हे पद रचलं : उठा, जागे व्हा, पश्चात्ताप करा. त्यानंतर तीनशेहून जास्त वर्षं लोकांच्या तोंडी राहून ते १९०९ मध्ये संगीतकार वॉन विल्यम्स यांना हेरफर्डशरमध्ये एका बाईकडून मिळालं. मागे हर्डी-गर्डी घुमत असते. चाक फिरवून वाजवायचं तंतुवाद्य, तंबोऱ्यासारखा अखंड स्वर धरणारं पण घशात काहीतरी अडकल्यासारखं. पहिल्या वेळी हा ट्रॅक जड वाटला तर पुढे जा, लाजू नका. मीही गेलो होतो.

थांबायचं ते ‘क्रूएल लिंकन’वर. अल्बममधलं माझ्या मते सगळ्यात भयंकर गाणं. गोष्ट : घरमालक बाहेरगावी निघताना बायकोला बजावतो की लिंकनपासून सांभाळून राहा. रात्री लिंकन येतो. घरातली दाईच त्याला आत घेते. पाळण्यातल्या बाळाला टोचून रडवतात, रडणं ऐकून आई जिना उतरून खाली येते. पुढचं सांगत नाही. हा लिंकन कोण? या कथेच्या जुन्या पाठांत तो गवंडी आहे. त्यानं त्या सरदाराचा वाडा बांधला आणि त्याची मजुरी बुडवली गेली. इंग्लंडमधल्या कितीतरी पाठांतून मजुरीचं ते कडवं पुढे गळून पडलं, आणि मग उरला तो नुसता अंधारातून येणारा माणूस, पोरांना भीती घालायचा बागुलबुवा. लोकगीत तोंडातोंडी फिरताना काय विसरतं तेही बघण्यासारखं असतं. इथे मजुराची बाजू विसरली गेली.

आणि हे सगळं चाललेलं असताना हेडफोनमध्ये पक्षी ऐकू येतात. खरेखुरे, बाईंच्या खिडकीबाहेरचे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी ते किलबिलत होते आणि ते तसेच ठेवले. कोणी रात्रीच्या वातावरणासाठी घुबड किंवा वारा घातला असता. इथे आत खून चाललाय आणि बाहेर लख्ख दिवस आहे. बाई तितक्याच सपाट आवाजात कडव्यामागून कडवं सांगत जातात. मी हे गाणं महिन्यातून एकदाच ऐकतो.

मधली गाणी भराभर सांगतो. ‘द बँक्स ऑफ ग्रीन विलो’ हे कप्तानाबरोबर पळालेल्या मुलीचं, शेवट समुद्रात. ‘प्रिटी पॉली’ आर्कान्सामधल्या ओली गिल्बर्ट या बाईंकडून मिळालेलं. ‘ओल्ड जॉनी बकल’ निव्वळ थट्टेचं, जरा श्वास घ्यायला. ‘सुर ल बोर्द द लो’ हे फ्रेंच, पण फ्रान्सचं नव्हे, अमेरिकेतल्या लुइझियानाचं. ब्लाइंड अंकल गॅस्पार्ड नावाच्या गायकाच्या १९२९ च्या रेकॉर्डवरून घेतलेलं. भाषा कळत नसतानाही, किंवा त्यामुळेच असेल, मला ते फार आवडतं.

शेवटचं गाणं चुकवू नका. ‘द सिल्व्हर स्वान’ हे खरं तर लोकगीत नाहीच, ऑरलँडो गिबन्स या दरबारी संगीतकाराची १६१२ मधली रचना आहे. आयुष्यभर मुका राहिलेला हंस मरणाच्या दारात पहिल्यांदा आणि शेवटचा गातो, एवढाच विषय. अडतीस वर्षांनी अल्बम करणाऱ्या बाईंनी त्याच्या शेवटी हे ठेवलंय. यावर जास्त बोलू नये.

चौथी पायरी : ‘हार्ट्स ईझ’

‘लोडस्टार’ पचायला दोन आठवडे द्या. मग २०२० च्या जुलैमधला हा अल्बम. आपण सगळे तेव्हा घरात कोंडलेले होतो आणि बाई मात्र त्याआधीच घराबाहेर पडल्या होत्या : हे ध्वनिमुद्रण ब्रायटनच्या एका स्टुडिओत झालं. फरक लगेच ऐकू येतो. आवाज मोकळा आहे, आत्मविश्वास आहे, वाक्य कुठे सोडायचं याची घाई नाही. ज्यांना ‘लोडस्टार’ फार काळोखी वाटतो त्यांना मी सरळ इथून सुरुवात करायला सांगतो. नियमापेक्षा गाणं लागणं महत्त्वाचं.

इथलं जोडीनं ऐकायचं गाणं ‘व्हिटसन डान्स’. शब्द बाईंचे पहिले पती ऑस्टिन जॉन मार्शल यांचे, चाल जुनी. व्हिटसन हा ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा सण, त्याला गावोगाव नाच असायचे. गाण्यात एक म्हातारी बाई दर व्हिटसनला नाचायला येते. तिचा माणूस पहिल्या महायुद्धात गेला. गावातले नाचणारे पुरुषच उरले नाहीत म्हणून नाच बायकांनी चालू ठेवला. हे गाणं त्यांनी १९६९ मध्ये ‘अँथेम्स इन ईडन’ या अल्बममध्ये पहिल्यांदा गायलं, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. तेव्हा त्या म्हातारीकडे लांबून, मायेनं बघणं होतं. २०२० मध्ये लांबून बघायला अंतरच उरलेलं नाही. पुन्हा तोच खेळ, दोन आवाज समोरासमोर. फक्त या वेळी काळोख नाही, ऊन आहे.

‘लॉक्ड इन आइस’ हे डॉलीच्या मुलानं, बझ कॉलिन्सनं लिहिलेलं, बर्फात अडकलेल्या जहाजाचं. तोही आता नाही. बहीण गेली, भाचा गेला, गाणं मावशीकडे राहिलं.

‘वंड्रस लव्ह’ हे अमेरिकन भजन आहे. आणि सगळ्यात शेवटी ‘क्रोलिंक’. ससेक्सच्या खडूच्या कड्यांवरच्या एका जागेचं नाव. इथे समुद्राचा आवाज आहे, हर्डी-गर्डीचा घोगरा सूर आहे आणि त्यातून लांबून येणारा आवाज आहे. पंचाऐंशीव्या वर्षी बाई असला प्रयोग करतात आणि आपल्याकडे साठीनंतर कलावंताचे फक्त सत्कार होतात, हे मनात आल्याशिवाय राहत नाही.

पाचवी पायरी लहान आहे

‘आर्कएंजल हिल’, मे २०२३. लुईसजवळच्या माउंट कॅबर्न या टेकडीला बाईंचे सावत्र वडील याच नावानं ओळखायचे. आवाज आणखी खाली, काही ठिकाणी गाणं आणि बोलणं यांतली रेघ पुसट. नवख्या माणसानं इथून सुरुवात करू नये असं मला वाटतं. पण एक गाणं आत्ताच ऐका, ‘हँड अँड हार्ट’. ते नवं नाही. १९८० मध्ये सिडनीच्या ऑपेरा हाउसमधल्या कार्यक्रमातलं ध्वनिमुद्रण आहे, संगीताची मांडणी डॉलीची. सत्त्याऐंशी वर्षांच्या आवाजाच्या मधोमध अचानक पंचेचाळीस वर्षांचा आवाज येतो. एखाद्या जुन्या पुस्तकातून फोटो खाली पडावा तसा. आणि लक्षात घ्या, १९८० म्हणजे आवाज जात असतानाचा काळ.

सहावी पायरी : आता मागे जा

आता तरुण शर्ली ऐकायला तुमचे कान तयार आहेत. पण सगळं ऐकायची गरज नाही. तीन अल्बम पुरे.

१९६४ चा ‘फोक रूट्स, न्यू रूट्स’. गिटारवादक डेव्ही ग्रॅहमबरोबर. ग्रॅहमच्या गिटारमध्ये जॅझ आहे, ब्लूज आहे, अरबी सूर आहेत. आणि त्यावर ही ससेक्सची पोर काहीही झालेलं नाही अशा थाटात गातेय.

१९६९ चा वर उल्लेख केलेला ‘अँथेम्स इन ईडन’. पहिली बाजू अख्खी एक गुंफण आहे : खेड्यातली प्रीत, युद्ध, ताटातूट, नंतरचं रिकामपण. डेव्हिड मन्रो आणि त्यांचे साथीदार चारपाचशे वर्षांपूर्वीची वाद्यं वाजवतात, त्यात क्रुमहॉर्न नावाचं एक वाकडं सुषिरवाद्य आहे, चिडलेल्या बदकासारखं वाजणारं. पहिल्यांदा हसू येतं. येऊ द्या.

१९७१ चा ‘नो रोझेस’. इथे इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम आहेत, पंचवीसहून जास्त वादक आहेत. रॉक ऐकणाऱ्या मित्राला अडकवायचं असेल तर हा द्या.

डॉलीच्या मांडणीकडे या टप्प्यावर मुद्दाम लक्ष द्या. ती छोटा पाइप-ऑर्गन वाजवायची. आपल्या पेटीसारखा आवाजाला चिकटून न चालता तो दोन पावलं मागून चालतो. शर्लीच्या सरळ आवाजाला मागून जो आधार आहे तो बहुतेक वेळा डॉलीचा आहे. उतारवयातल्या अल्बमांत तो आधार नाही, आणि तो नसणंही ऐकू येतं.

सातवी पायरी : १९५९

गिटारमधला ब्लूज कुठून आला, ते सांगायचं राहिलं होतं.

१९५४ मध्ये लंडनमध्ये शर्लीची गाठ अॅलन लोमॅक्स या अमेरिकन लोकगीत संग्राहकाशी पडली. १९५९ मध्ये ती त्यांच्याबरोबर अमेरिकेच्या दक्षिण भागात ध्वनिमुद्रणं करत हिंडली : व्हर्जिनिया, केंटकी, अलाबामा, मिसिसिपी, आर्कान्सा, जॉर्जिया. अलाबामातल्या फाइफ गावी चर्चमध्ये समूहानं, वाद्यांशिवाय, छातीठोक गायली जाणारी भजनं तिनं ऐकली. आणि मिसिसिपीतल्या कोमो गावी एका संध्याकाळी कापूस वेचून आलेला एक शेतकरी गिटार घेऊन हजर झाला. नाव फ्रेड मॅकडॉवेल. त्याचं ध्वनिमुद्रण तोवर कोणी केलेलं नव्हतं. त्यानं वाजवून संपवलं तेव्हा लोमॅक्सनी वहीत एकच शब्द लिहिला, ‘परफेक्ट’. हे शर्लीबाईंनीच आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय.

लोमॅक्सची ही ध्वनिमुद्रणं ‘सदर्न जर्नी’ या नावानं मिळतात. फ्रेड मॅकडॉवेलची कोणतीही दोन ऐका आणि ‘लोडस्टार’मधल्या ‘डेथ अँड द लेडी’ची गिटार पुन्हा ऐका.

आणि हे करता करता वाटलंच, की आपल्याकडे असं कोणी गावोगाव फिरलं का, तर फिरलं. गी पॉइटेवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून, सहकाऱ्यांच्या मदतीनं, खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त. ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर त्यांतल्या कितीतरी आवाजासकट ऐकायला मिळतात. शर्लीबाईंच्या नादानं मी तिथे पोचलो, हे जरा लाजिरवाणं आहे, पण पोचलो.

शेवटची पायरी : आकडा टाका

इथवर आलात तर एक साधन हाताशी असू द्या. स्टीव्ह राउड नावाच्या ग्रंथपालांनी इंग्रजी लोकगीतांची सूची केली. एकच गाणं दहा नावांनी फिरत असतं, म्हणून प्रत्येक गाण्याला त्यांनी एक क्रमांक दिला. लंडनच्या सेसिल शार्प हाउसमधल्या वॉन विल्यम्स स्मृती ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ही सूची फुकट बघता येते. ‘क्रूएल लिंकन’ शोधायला गेलात तर ‘लॅमकिन’, ‘लाँग लँकिन’ अशी नावं निघतील, पण क्रमांक एकच, ६. ‘द बँक्स ऑफ ग्रीन विलो’चा १७२. ‘हार्ट्स ईझ’वरच्या ‘बार्बरा अॅलन’चा ५४, हे गाणं ऐकून खूश झाल्याची नोंद लंडनचे त्या काळचे सरकारी अधिकारी सॅम्युअल पीप्स यांनी २ जानेवारी १६६६ च्या रोजनिशीत केली आहे.

क्रमांकाच्या रकान्यात १०३१ टाका. तो ‘डेथ अँड द लेडी’चा. यादी उघडते. गाणाऱ्याचं नाव, गाव, परगणा, वर्ष, कोणी उतरवून घेतलं. बहुतेक नावं तुम्ही-आम्ही कधी ऐकलेली नाहीत, त्यांचा आवाजही कुठे उरलेला नाही, नुसती एक ओळ आहे. ती यादी समोर ठेवून गाणं परत एकदा लावा.